बुद्धकालीन गणांची नावे : उत्पत्ती, अर्थ आणि इतिहास

कुसिनारा येथे तथागतांचे महापरिनिर्वाण झाल्यावर त्यांच्या अस्थींवर हक्क सांगण्यासाठी जे जे आले त्यांची नावे दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्तात नोंदलेली आहेत. मगधाचा राजा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, अल्लकप्पाचे बुली, रामगामाचे कोलिय, वेठदीपाचा एक ब्राह्मण, पावेचे मल्ल आणि कुसिनाऱ्याचे मल्ल असे एकूण आठ हक्कदार होते. द्रोण ब्राह्मणाने अस्थींचे आठ समान भाग केले व मापाचे पात्र स्वतःकडे ठेवले. पिप्फलिवनाचे मोरिय उशिरा पोहोचले. त्यांना चितेतील अंगारांवर समाधान मानावे लागले.

या यादीत राजा एकच आहे आणि ब्राह्मणही एकच. उरलेले सर्व हक्कदार गण आहेत. शाक्य, कोलिय, मल्ल, लिच्छवी, बुली, मोरिय ही कोणा राजघराण्याची नावे नसून संथागारात एकत्र बसून आपला कारभार चालविणाऱ्या जनसमूहांची नावे आहेत. इंग्रज अमदानीतील लेखकांनी या समूहांना सरसकट टोळ्या म्हटले. त्या शब्दामुळे शिकारीवर जगणाऱ्या, शासन नसलेल्या लोकांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते व ते दिशाभूल करते. हे लोक शेती करीत, नगरे वसवीत, सभा भरवीत आणि ठराव करीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताला संसदीय कार्यपद्धती परकी नव्हती हे सांगताना प्राचीन गणराज्यांचा आणि भिक्षुसंघाचा दाखला दिला होता, तो याच परंपरेचा.

या गणांची नावे कोठून आली? त्यांचा अर्थ काय? हा प्रश्न आमच्याकडे वाचक वारंवार उपस्थित करतात, आणि त्यामागे केवळ कुतूहल नसते. ज्यांना शतकानुशतके दुसऱ्यांनी दिलेल्या नावांनी हाक मारली गेली, त्यांना आपल्या मूळ नावाचा शोध घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच हा शोध कसोशीने व्हावयास हवा. प्रस्तुत लेखात आम्ही काही प्रमुख गणांची नावे घेऊन, त्यांचे अर्थ कोणी, केव्हा व कशासाठी सांगितले याचा विचार करणार आहोत.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावयास हवी. या गणांनी स्वतः लिहिलेला बुद्धकालीन एकही ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. आपल्याला त्यांची ओळख होते ती तिपिटकातून, पाचव्या शतकातील अट्ठकथांतून, ब्राह्मणी शास्त्रग्रंथांतून आणि थोड्या शिलालेखांतून. म्हणजे नाव त्यांचे असले तरी त्या नावाचा अर्थ बहुधा दुसऱ्याने सांगितलेला असतो.

शाक्य

शाक्य या नावाची सर्वांत प्रसिद्ध कथा दीघनिकायातील अम्बट्ठ सुत्तात आहे. पोक्खरसाती ब्राह्मणाचा शिष्य अम्बट्ठ भगवंतांना भेटावयास येतो आणि शाक्यांची निंदा करतो. कपिलवस्तूच्या संथागारात शाक्यांनी आपल्याला आसन दिले नाही, ते आपसांत हसत होते, असा त्याचा राग आहे. त्याच्या मते शाक्य हलके, ब्राह्मणांना मान न देणारे लोक आहेत. भगवंत प्रथम त्याला समजावतात की, लहानशी चिमणीसुद्धा आपल्या घरट्यात मनसोक्त चिवचिवते. तरीही तो ऐकत नाही, तेव्हा ते दोन्ही कुळांची पूर्वकथा सांगतात.

ओक्काक राजाने आवडत्या राणीच्या पुत्राला राज्य देण्यासाठी थोरल्या मुलांना हद्दपार केले. ते हिमालयाच्या पायथ्याशी, एका सरोवराच्या काठी असलेल्या साकवनात राहिले. रक्त मिसळू नये म्हणून त्यांनी आपल्या बहिणींशीच विवाह केले. हे ऐकून ओक्काकाने ते समर्थ आहेत, ‘सक्य’ आहेत, असे उद्गार काढले. म्हणून ते शाक्य. या एकाच कथेत नावाचे दोन अर्थ गुंफले आहेत : साक वृक्ष आणि ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे हा धातू.

साक म्हणजे कोणते झाड? संस्कृत ‘शाक’ म्हणजे साग, आणि आपला मराठी ‘साग’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. परंतु सागाची नैसर्गिक वने विंध्य, सातपुडा व दक्षिणेकडील प्रदेशात आढळतात. हिमालयाच्या पायथ्याची तराई ही शालवृक्षांची भूमी आहे. तिकडील लोक शालाला ‘साखू’ म्हणतात. तेव्हा साक हा शब्द येथे शालाला उद्देशून असेल काय, असा विचार मनात येतो. पण केवळ ध्वनी जुळतो म्हणून तसे ठरवून टाकणे योग्य नव्हे. हा सावधपणा आम्ही या लेखात अखेरपर्यंत पाळणार आहोत.

ओक्काक या नावाचेच पाहा. पालि अट्ठकथा सांगते की, तो बोलू लागला म्हणजे मुखातून उक्केसारखा, म्हणजे मशालीसारखा प्रकाश बाहेर पडे. उत्तरेकडील बौद्ध परंपरा इक्ष्वाकूचा संबंध इक्षूशी, म्हणजे उसाशी जोडते. विष्णुपुराण म्हणते की मनूला शिंक आली आणि तिच्यातून इक्ष्वाकू जन्मला. मशाल, ऊस आणि शिंक! एकाच नावाचे तीन अर्थ तीन ठिकाणी सांगितले गेले, याचा अर्थ मूळ अर्थ कोणालाच आठवत नव्हता. नाव जुने होते, अर्थ मागाहून जोडला गेला.

शाक्य हे नाव मात्र निःसंशय प्राचीन आहे. डिसेंबर १८९६ मध्ये लुंबिनी येथे प्रकाशात आलेल्या अशोकाच्या स्तंभलेखात बुद्धांचा उल्लेख ‘सक्यमुनि’ असा आहे. जानेवारी १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपातून जो अस्थिकरंडक मिळाला, त्यावर ‘सकियनं’ हा शब्द कोरलेला आहे. त्या स्तूपातील रत्नांपैकी जी परदेशात खासगी ताब्यात होती ती २०२५ साली लिलावाला निघाली. भारताच्या हरकतीमुळे लिलाव थांबला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती रत्ने भारतात परत आली. नावाचा असा शिलागत पुरावा हाती असता त्याच्या अर्थाविषयीच्या दंतकथेवर भार टाकण्याचे कारण नाही.

तरीही ध्वनिसाम्याचा मोह मोठमोठ्या विद्वानांना आवरत नाही. शाक्य म्हणजे मध्य आशियातून आलेले शक, असे मत अधूनमधून मांडले जाते. ख्रिस्तोफर बेकविथ यांनी २०१५ साली आपल्या ग्रंथात ते पुन्हा मांडले. परंतु पालि ग्रंथांतील शाक्य हे घोड्यांवरून भटकणारे लोक नाहीत. ते रोहिणी नदीचे पाणी शेताला देणारे शेतकरी आहेत. शुद्धोदन, धोतोदन, शुक्लोदन, अमितोदन ही त्यांच्या घरातील नावे पाहावीत. ‘ओदन’ म्हणजे शिजविलेला भात. ज्या कुळातील भावाभावांच्या नावांत भात आहे असे परंपरा सांगते, त्या कुळाची मुळे स्टेपच्या गवताळ प्रदेशात शोधण्यापूर्वी थांबून विचार करावयास हवा.

कोलिय

रोहिणीच्या दुसऱ्या तीरावर कोलिय राहत. रामगाम व देवदह ही त्यांची प्रमुख स्थाने. त्यांच्या नावाची कथा बुद्धघोषांच्या सुमंगलविलासिनीत येते. ओक्काकाची थोरली मुलगी पिया हिला कुष्ठरोग झाला, म्हणून भावांनी तिला अरण्यात नेऊन सोडले. वाराणसीचा राजा राम हाही त्याच रोगाने राज्य सोडून अरण्यात आला होता व औषधी मुळ्या-फळांनी बरा होऊन एका कोलवृक्षाच्या ढोलीत राहत होता. त्याने पियेला बरे केले व दोघांचा विवाह झाला. पुढे तेथील कोलवृक्ष तोडून नगर वसविण्यात आले. म्हणून ते कोलनगर व तेथील लोक कोलिय. पालि भाषेत ‘कोल’ म्हणजे बोर.

या कथेचा उपयोग पुढे कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. दुष्काळात रोहिणीचे पाणी कोणी घ्यावे यावरून शाक्य व कोलिय यांच्यात भांडण जुंपले. जातक व धम्मपदाच्या अट्ठकथांत त्याचे वर्णन आहे. हाणामारीपूर्वी शिवीगाळ झाली, आणि ती शिवीगाळ म्हणजे दुसरे काही नसून या उत्पत्तिकथाच होत्या! कोलियांनी शाक्यांना बहिणींशी संग करणारे म्हणून हिणविले. शाक्यांनी कोलियांना बोरीच्या झाडात जनावरांप्रमाणे राहणारे कुष्ठरोगी म्हणून हिणविले. ज्या कथा आपल्या घरी अभिमानाने सांगितल्या जात, त्याच शेजाऱ्याच्या तोंडी शिव्या झाल्या. शेवटी तथागतांनी दोन्ही पक्षांना विचारले की पाण्याचे मोल अधिक की माणसांचे? कोणाचे कूळ कोठून आले हा वाद त्यांनी सोडविला नाही. त्यांनी तो निरर्थक ठरविला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणीच्या याच वादाला सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मध्यवर्ती स्थान दिले आहे.

महाराष्ट्रातील कोळी समाजाचा संबंध कोलियांशी जोडणारी पुस्तिका आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. दोन नावे सारखी ऐकू येतात, हे खरे. परंतु नेपाळच्या तराईपासून कोकणच्या किनाऱ्यापर्यंतचा प्रवास दाखविणारा शिलालेख, ताम्रपट किंवा ग्रंथ जोवर पुढे येत नाही, तोवर हे साम्य केवळ साम्यच राहील. बोरीचे झाड दोन्हीकडे उगवते, एवढ्यावरून दोन्ही झाडे एकाच बीजाची ठरत नाहीत.

लिच्छवी, वज्जी आणि मल्ल

वैशालीचे लिच्छवी वज्जी संघातील सर्वांत प्रबळ लोक. एकपण्ण जातकात वैशालीत ७,७०७ राजे होते असे म्हटले आहे. आकडा अतिशयोक्तीचा असला, तरी सत्ता एका घराण्याच्या हाती नसून अनेक कुळांत वाटली गेली होती, हा त्याचा आशय आहे. कौटिलीय अर्थशास्त्राने लिच्छिविक, व्रजिक, मल्लक, मद्रक यांची गणना ‘राजा’ ही पदवी धारण करणाऱ्या संघांत केली आहे.

लिच्छवी या नावाचा अर्थ पालि अट्ठकथेने ‘छवि’, म्हणजे कातडी, या शब्दावरून लावला. वाराणसीच्या राणीला मांसाचा गोळा झाला. तो गंगेत सोडला गेला. एका तापसाने तो सांभाळला आणि त्यातून मुलगा व मुलगी अशी जुळी निर्माण झाली. त्यांची त्वचा इतकी पारदर्शक की पोटात गेलेले अन्न बाहेरून दिसे. म्हणून ‘निच्छवी’. किंवा दोघांची कातडी जणू एकमेकांना चिकटलेली, म्हणून ‘लीनच्छवी’. गुराख्यांची मुले त्यांना टाळू लागली, ‘वर्ज्य’ मानू लागली, म्हणून वज्जी. आणि त्यांचे नगर पुनःपुन्हा विशाल करावे लागले, म्हणून वैशाली. तिन्ही नावांचा एकाच कथेत हिशेब लागला. परंतु बुद्धकाल आणि ही अट्ठकथा यांत सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. जो अर्थ इतक्या सुबकपणे बसतो त्याविषयीच अधिक शंका घ्यावी, असा आमचा अनुभव आहे.

ब्राह्मणी परंपरेने याच लोकांना कसे पाहिले? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात झल्ल, मल्ल, निच्छिवि, नट, करण, खस आणि द्रविड यांची एक यादी आहे. मनूने त्यांना व्रात्य क्षत्रियांची संतती म्हटले, म्हणजे संस्कार सोडल्यामुळे पतित झालेल्या क्षत्रियांपासून झालेले लोक. ज्यांनी तथागतांच्या अस्थींवर आदराने स्तूप बांधले ते मल्ल आणि लिच्छवी येथे पतितांच्या रांगेत बसविले गेले. त्यांचा अपराध कोणता? यज्ञ व ब्राह्मण यांच्यावाचून त्यांचे चालत होते, हाच.

आणि तरीही काळाचा न्याय पाहा. चौथ्या शतकात गुप्त घराण्याचा पहिला चंद्रगुप्त लिच्छवी राजकन्या कुमारदेवीशी विवाह करतो आणि नाण्यावर दोघांच्या प्रतिमांबरोबर लिच्छवींचे नाव कोरले जाते. त्याचा पुत्र समुद्रगुप्त अलाहाबादच्या स्तंभलेखात स्वतःला अभिमानाने लिच्छवींचा दौहित्र म्हणवितो. नेपाळमध्ये लिच्छवी राजे राज्य करतात. चांगु नारायण येथील मानदेवाचा लेख ४६४ सालचा आहे. नाव तेच, माणसेही बहुधा त्याच परंपरेतील. पण शास्त्रकाराच्या पोथीत ते पतित आणि सम्राटाच्या प्रशस्तीत ते भूषण. नावाला मान किंवा अपमान चिकटला तो त्याच्या धातूमुळे नव्हे, तर लेखणी कोणाच्या हाती होती यामुळे.

मल्ल हे नाव ऐकताच मराठी वाचकाला मल्लविद्या व मल्लखांब आठवतो. संस्कृतात मल्ल म्हणजे कुस्तीगीर, हे खरेच. पण कुस्ती खेळत म्हणून ते मल्ल झाले, की मल्लांच्या प्रदेशातील लोक कुस्तीत निष्णात होते म्हणून कुस्तीगिराला मल्ल म्हणू लागले? शब्दकोश याचे उत्तर देऊ शकत नाही. महापरिनिब्बान सुत्तात मल्लांना ‘वासेट्ठ’ म्हणून संबोधिले आहे. कोलियांना ‘ब्यग्घपज्ज’ आणि शाक्यांना ‘गोतम’ असे संबोधन आहे. म्हणजे एका गणाला गणाचे नाव निराळे आणि गोत्राचे निराळे. नावांचे असे थर एकमेकांवर बसलेले असतात.

आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे. मूल जन्माला आले की आपण त्याचे नाव ठेवतो. आणि कोणाची निंदा केली तर त्याला नावे ठेवली असे म्हणतो. प्राचीन गणांच्या बाबतीत ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच लेखणीने केली आहेत.

मोरिय

उशिरा आलेल्या मोरियांचे नाव पुढे साऱ्या भारतावर गाजले. पालि परंपरेत हे नाव मोरांशी जोडले आहे : त्यांच्या वनात मोरांचा केका घुमत असे, त्यांच्या नगराच्या विटा मोराच्या कंठासारख्या निळ्या होत्या. महावंसाची टीका असेही सांगते की, विडूडभाने शाक्यांचा संहार केला तेव्हा निसटलेल्या शाक्यांनी हे नगर वसविले. याउलट मुद्राराक्षसाचा अठराव्या शतकातील टीकाकार ढुंढिराज याने मौर्य हे नाव ‘मुरा’ नावाच्या शूद्र स्त्रीवरून आल्याचे सांगितले. येथे व्याकरणच साक्षीला उभे राहते. मुरा या स्त्रीनामापासून ‘मौरेय’ असे रूप व्हावयास हवे, ‘मौर्य’ नव्हे. चंद्रगुप्तानंतर दोन हजार वर्षांनी त्याच्यासाठी एक आजी शोधून काढण्यात आली, ती त्याला कमी लेखण्यासाठी.

मोराच्या कथेलाही आपण तीच कसोटी लावली पाहिजे. ती आपल्याला प्रिय आहे म्हणून तिला सूट देऊ नये. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेत अजूनही दोन मोर व एक हरिण मारले जाते, आणि हरिण तर नेहमी नव्हे, असे नमूद आहे. पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे राजा सांगतो. मोर हे मौर्यांचे पवित्र कुलचिन्ह असते, तर त्यांच्याच स्वयंपाकघरात ते रोज मारले गेले असते काय? मोराशी असलेला संबंध यामुळे सर्वस्वी खोटा ठरत नाही. पण त्यावर मोठी इमारत उभी करता येत नाही.

हे नाव महाराष्ट्राच्या भूमीवरही आले होते. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ६३४ सालच्या ऐहोळे प्रशस्तीत कोकणच्या मौर्यांचा पराभव केल्याचा उल्लेख आहे. आपल्याकडील ‘मोरे’ हे आडनाव मौर्यांपासून आले असे सांगितले जाते. तसे असू शकेल. पण ‘मोर’ हा शब्द पालीत जसा आहे तसाच मराठीत आहे, आणि मोर तर गावोगाव आहेत. आडनावावरून वंश सिद्ध होत नाही.

नाग

नाग या नावाविषयी आपल्या मनात विशेष भावना आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूरची निवड का केली हे सांगताना, भारतात बुद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे स्मरण केले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी दास, नाग व द्रविड ही एकाच लोकांची नावे असल्याचा सिद्धान्त मांडला होता. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत, पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे अनुमानाचा आश्रय घ्यावा लागतो, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि आपला सिद्धान्त अंतिम असल्याचा दावा केला नाही. बाबासाहेबांचा अनुयायी म्हणविणाऱ्याने त्यांच्या निष्कर्षाइतकीच त्यांची ही पद्धतही आत्मसात केली पाहिजे.

नाग नावाची राजघराणी होऊन गेली याला भक्कम पुरावा आहे. समुद्रगुप्ताने जिंकलेल्या राजांत गणपतिनाग व नागसेन यांची नावे आहेत. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने आपल्या पुणे ताम्रपटात आपली आई कुबेरनागा ही नागकुळातील असल्याचे नोंदविले आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन रामटेकजवळ, म्हणजे आजच्या नागपूरपासून दूर नाही. हा इतिहास होय. परंतु पालि साहित्यात ‘नाग’ या एका शब्दाने सर्प, हत्ती, अलौकिक जलवासी आणि श्रेष्ठ पुरुष असे अनेक अर्थ सूचित होतात. प्रत्येक ठिकाणी नाग म्हणजे नागवंशीय मनुष्य असे वाचले, तर आपण ग्रंथ वाचत नसून आपली इच्छा वाचत असतो.

तथागतांनी मात्र या शब्दाला स्वतःचा अर्थ दिला. सुत्तनिपातातील सभिय सुत्तात नाग कोणाला म्हणावे, असा प्रश्न आहे. त्यावर जो ‘आगु’, म्हणजे पाप, करीत नाही व सर्व बंधनांतून मुक्त आहे तो नाग, अशा आशयाचे उत्तर आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती नव्हे. पण तिचा हेतूही तो नाही.

तथागतांची निरुक्ती

येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. भगवान बुद्धांनी नावांचे अर्थ पुष्कळदा सांगितले आहेत, पण कशासाठी? दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्त पाहावे. शेतांचा जो अधिपती तो क्षत्रिय, धम्माने इतरांना रंजवितो तो राजा, पापे बाहेर टाकतो तो ब्राह्मण, असे अर्थ तेथे येतात. वेदपाठक या अर्थाच्या ‘अज्झायक’ शब्दाचा अर्थ तर ‘ध्यान न करणारा’ असा लावला आहे. त्यातील उपहास जाणत्या वाचकाच्या ध्यानी येईल. ब्रह्म्याच्या मुखातून व पायांतून वर्ण निर्माण झाले, असे सांगितले जात असता, वर्णांची नावे माणसांनी माणसांच्या कामावरून ठेवली, असे तथागत सांगतात. नाव दैवी नाही, रूढ आहे. जे रूढीने आले ते बदलता येते.

वासेट्ठ सुत्तात हाच विचार पुढे जातो. गवत, किडे, पक्षी, पशू यांत जातिभेदाच्या खुणा शरीरावर असतात. माणसांत तशी खूण नाही. माणसातील भेद केवळ संज्ञेचा आहे. अरणविभंग सुत्तात ते भिक्षूंना बजावतात की, एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे असतात, तेव्हा माझेच नाव खरे असा हट्ट धरू नये.

आता अम्बट्ठ सुत्ताचा शेवट पाहू. शाक्यांची कथा सांगून झाल्यावर भगवंत अम्बट्ठाच्या कण्हायन कुळाची कथा सांगतात : त्याचा मूळ पुरुष कण्ह हा ओक्काकाच्या दिसा नावाच्या दासीचा पुत्र होता. इतर ब्राह्मण तरुण अम्बट्ठाला हिणवू लागताच भगवंत त्यांना थांबवितात. कण्ह हा पुढे मोठा ऋषी झाला, दासीपुत्र म्हणून त्याची निंदा करू नका, असे ते सांगतात. आणि शेवटी सांगतात की, विद्या आणि आचरण यांच्या परमोच्च अवस्थेत जन्माची, गोत्राची चर्चाच नाही. म्हणजे शाक्यांची कुलकथा येथे शाक्यांचा गौरव करण्यासाठी सांगितलेली नाही. कुळाचा गर्व मोडण्यासाठी ती सांगितली आहे. जो ही कथा केवळ वंशाच्या मोठेपणासाठी उद्धृत करतो, तो सुत्त अर्ध्यावर सोडतो.

कुळाचा तो गर्व शाक्यांना शेवटी भोवला. कोसलराज पसेनदीला शाक्यकन्या द्यावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी महानामाची दासीपासून झालेली कन्या वासभखत्तिया फसवून दिली. तिचा पुत्र विडूडभ याला हे कळले, आणि त्याने शाक्यांचा संहार केला. रक्त मिसळू नये म्हणून बहिणींशी विवाह केल्याच्या कथेपासून सुरू झालेला शाक्यांचा वृत्तान्त परंपरेने असा संपविला आहे.

नावाचा पुढचा प्रवास

शाक्यांचा गण संपला, पण शाक्य हे नाव संपले नाही. विनयातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. अनुरुद्ध, आनंद आदी शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. त्या कुमारांनीच भगवंतांना विनंती केली की उपालीला प्रथम दीक्षा द्यावी. मग तो आम्हांला ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा अहंकार उतरेल. पुढे हाच उपाली विनयधरांत अग्रगण्य ठरला. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या समुद्राला मिळाल्यावर आपली नावे टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर पूर्वीचे नाव व गोत्र टाकून ‘सक्यपुत्तिय समण’ या एकाच नावाने ओळखले जातात, असे तथागतांनी सांगितले. एका लहानशा गणाचे, जन्माने मिळणारे नाव येथे सर्वांसाठी खुले झाले. न्हावी उपाली शाक्यपुत्र झाला, फुलांचा केरकचरा उचलणारा सुनीत शाक्यपुत्र झाला.

हजार वर्षांनंतर अजिंठ्याच्या लेण्यांत दान देणारे भिक्षू आपल्या नावामागे ‘शाक्यभिक्षु’ असे बिरुद कोरतात. त्यांनी कपिलवस्तू पाहिले असेल वा नसेल. साक म्हणजे साग की शाल, हा प्रश्न त्यांना पडला नसावा. त्या नावाचा अर्थ त्यांनी आपल्या आचरणात शोधला होता.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही आपण विसरू नये. काठमांडूच्या खोऱ्यात भिक्षूंची परंपरा गृहस्थी झाली, आणि आज नेवार समाजात ‘शाक्य’ हे जन्माने मिळणाऱ्या जातीचे नाव आहे. जे नाव जात टाकण्यासाठी खुले केले गेले, तेच पुन्हा जात होऊन बसले.

हा धोका आपल्यापासून दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण एक नाव टाकले आणि दुसरे स्वीकारले. १९९० साली घटनात्मक आदेशात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना सवलती मिळाल्या, हे न्याय्यच झाले. परंतु गावात कोणी आपल्याला ‘बौद्ध’ म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा जुनी जातच नव्या शब्दात उच्चारीत असतो. त्याने तसे उच्चारावे हा त्याचा दोष. आपणही तसेच ऐकू लागलो, आपल्या नावात धम्म न शोधता रक्त शोधू लागलो, तर तो दोष आपला होईल.

गणांच्या नावांचा अभ्यास अवश्य करावा. शिलालेख वाचावेत, पालि व अर्धमागधी ग्रंथ ताडून पाहावेत, प्रत्येक अर्थाचा काळ व सांगणारा कोण हे विचारावे. आपले पूर्वज कोण होते हे जाणणे हा आपला हक्क आहे. पण आपली प्रतिष्ठा त्या उत्तरावर अवलंबून नाही, हे तथागतांनी अम्बट्ठाला सांगितले होते. कुसिनाऱ्याहून निखारे घेऊन परतणाऱ्या मोरियांनी त्या निखाऱ्यांवरही स्तूप उभारला. आपल्या हाती काय आले याची त्यांनी खंत केली नाही. ते कोणाचे आहे, हे त्यांना ठाऊक होते.